आई-बाबा ‘नाही’ म्हणत असताना एडीएचडीची तपासणी: कुठून सुरू करायचं

अकरावीच्या दिवाळीत मी जेवताना जाहीर केलं, “मला एडीएचडी आहे.” (एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चुळबुळ आवरणं लहानपणापासून फार अवघड जाणं.) बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “इन्स्टावर बघितलं.” पुढचं सांगायला नको. त्या रात्रीपासून माझा मोबाईल दहा वाजता आईच्या कपाटात जायला लागला आणि पुढचे दहा महिने घरात हा विषय निघाला नाही.

आता मागे वळून बघताना बाबांचा राग येत नाही. मी घरी थेट निदान सांगितलं होतं, माझं नेमकं काय अडतंय ते सांगितलंच नव्हतं. आई-बाबांना ‘एडीएचडी’ हा शब्द नको असतो. पण येत असलेला पेपर पोरगी अर्धा कोरा ठेवून येते, हे त्यांनाही आतून सलत असतं. बोलणं तिथून सुरू केलं तर ते ऐकतात. बारावीच्या ऑगस्टमध्ये मी तसं केलं आणि सतराव्या वर्षी माझी तपासणी झाली. आमचं घर कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात, बाबा हायस्कूलवर गणित शिकवतात. तुमचं घर वेगळं असेल, क्रम मात्र साधारण हाच लागेल. 14 ते 17 वर्षांच्या मुलामुलींसाठी तो इथे लिहिते आहे.

आधी स्वतःची शंका तपासा

एडीएचडीला दोन बाजू असतात. एक वेंधळेपणाची: बारीकसारीक चुका, सांगितलेलं अर्ध्यात सुटणं, वस्तू हरवणं, डोकं लावून करायचं लांबलचक काम टाळत राहणं. दुसरी चुळबुळ आणि उतावळेपणाची: बूड न टेकणं, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं, रांगेत थांबणं असह्य होणं. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-5 या 2013 सालच्या निकषपुस्तिकेत दोन्ही बाजूंची नऊ-नऊ लक्षणं आहेत. वय 17 च्या आत असेल तर एखाद्या बाजूची किमान सहा लागतात, 17 पासून पुढे पाच.

रीलमध्ये ही लक्षणं सांगतात, अटी सांगत नाहीत. त्रास सहा महिने तरी चाललेला हवा. तो घरी आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवा. त्यामुळे अभ्यासाचं, नात्यांचं, रोजच्या जगण्याचं खरोखर नुकसान व्हायला हवं. आणि त्यातली काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असायला हवीत. दहावीपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि अकरावीत अचानक लक्ष उडालं असेल, तर कारण बहुधा दुसरंच आहे, आणि तेही शोधायलाच हवं.

ही दुसरी कारणं कमी नाहीत. अपुरी झोप, थायरॉईड, कमी हिमोग्लोबिन (मुलींमध्ये तर फारच), न तपासलेला चष्म्याचा नंबर, सततची चिंता, नैराश्य, घरातली भांडणं. यातल्या कशानेही लक्ष उडतं. पहाटेच्या क्लाससाठी साडेचारला उठून रात्री बाराला झोपणाऱ्या कुणाचंही डोकं चालणार नाही. म्हणून दोन आठवडे रोज आठ तास झोपून बघा. एवढ्यानेच फरक पडला तर चांगलंच झालं.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. बाकावरून उड्या मारणारा मुलगा सरांच्या लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच त्रास देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ‘मी तर अजिबात मस्तीखोर नाही’ म्हणून शंका झटकू नका.

मग दोन-तीन आठवडे वही

शंभर पानी साधी वही घ्या. चार रकाने आखा: तारीख, काय झालं, त्याने काय नुकसान झालं, आणि ते होऊ नये म्हणून मी काय करून पाहिलं होतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण घरून येणारं पहिलं वाक्य ‘जरा प्रयत्न कर’ हेच असतं, आणि प्रयत्न करूनच दमलोय हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या. ‘केमिस्ट्रीची युनिट टेस्ट. चौथ्या प्रश्नाचा ब भाग दिसलाच नाही. सहा मार्क गेले. पेपर देण्याआधी दोनदा तपासला होता.’ ‘एसटीचा पास तिसऱ्यांदा हरवला. आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवायची सवय लावली होती.’ ‘आई म्हणाली दुधाकडे बघ. मी दुधासमोरच उभी होते. दूध उतू गेलं.’ शेवटची नोंद वाचून आई हसली होती, आणि हसली म्हणून पुढची पानं तिने वाचली.

लक्ष छान लागतं अशा गोष्टीही प्रामाणिकपणे लिहा. नाहीतर घरचे तिकडेच बोट दाखवतील: “रांगोळी काढताना बरी तीन तास हलत नाहीस!” त्यांचं निरीक्षण खोटं नाही. आवडीच्या कामात बुडून जाणं आणि नावडत्या कामाला दहा मिनिटंही न टिकणं, दोन्ही एकाच माणसात असू शकतं. लक्ष असतं, पण ते हवं तिथे वळवता येत नाही, हे त्यांना असंच सांगा.

आता माळ्यावरची ट्रंक उघडा आणि पहिलीपासूनची प्रगतीपुस्तकं काढा. 12 वर्षांआधीची अट सिद्ध करायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही. माझ्या तिसरीच्या पुस्तकात शेरा होता, ‘हुशार आहे, पण धांदरट.’ चौथीत, ‘लक्ष देत नाही.’ सहावीत, ‘वह्या अपूर्ण.’ तीन वेगवेगळ्या बाईंनी एकच तक्रार लिहिली होती, आणि तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता.

इंटरनेटवरच्या चाचण्या स्वतःपुरत्या करायला हरकत नाही. पुरावा म्हणून घरी दाखवू नका. माझं इन्स्टाचं झालं तसंच होईल.

‘नाही’च्या पोटात काय आहे ते ओळखा

आई-बाबांचा नकार एकाच प्रकारचा नसतो. कशाची भीती वाटते ते कळल्याशिवाय केलेला वाद वाया जातो. मला भेटलेले आणि मैत्रिणींकडून ऐकलेले नकार साधारण असे आहेत.

“सगळं त्या मोबाईलमुळे.” यावर भांडू नका. उलट स्वतःहून दोन आठवडे मोबाईल आईकडे द्या आणि वही चालू ठेवा. काही सुधारलं तर ते लिहा, नाही सुधारलं तर तेही. एवढं झाल्यावर हवं तर सांगा की लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी 1902 साली अशा 43 मुलांवर व्याख्यानं दिली होती, तेव्हा घराघरांत वीजसुद्धा नव्हती. आधी प्रयोग आणि मग माहिती. उलटं केलंत तर ते ‘उलट उत्तर’ ठरतं.

“गोळ्या चालू केल्या की आयुष्यभर.” आपल्याकडे मनाच्या गोळ्या म्हटलं की गुंगीत पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. एडीएचडीसाठी जास्त वापरलं जाणारं मेथिलफेनिडेट 1944 साली तयार झालेलं जुनं औषध आहे आणि त्याने सहसा गुंगी येत नाही. भूक मंदावणं, झोप लांबणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टर वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब बघत राहतात. ॲटोमॉक्सेटीनसारखं वेगळ्या जातीचं औषधही असतं. पण हे सगळं पुढचं. आत्ता एवढंच म्हणा, “तपासणी म्हणजे गोळ्या नव्हेत. गोळ्यांचं तुम्ही आणि डॉक्टर ठरवा.” हे खरंही आहे. 18 वर्षांच्या आत उपचाराचा निर्णय पालकांच्या संमतीशिवाय पुढे जात नाही.

“उद्या लग्नाला, नोकरीला अडचण येईल.” मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. शाळेला, शेजाऱ्यांना, आत्याला डॉक्टर परस्पर काही सांगू शकत नाहीत. मात्र तुम्हाला एनडीएत (लष्करी अकादमीत) जायचं किंवा पायलट व्हायचं असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. तिथले वैद्यकीय निकष वेगळे आणि कडक असतात. हे लपवून पालकांना राजी करू नका, नंतर कळलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जाईल.

“मग माझंच काहीतरी चुकलं.” हे आई मोठ्याने म्हणत नाही, ती फक्त चिडते. तिला न विचारताच सांगून टाका की हे वळण लावण्यात कमी पडल्यामुळे होत नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास मानला जातो.

आणि त्याच कारणाने येणारा सगळ्यात अवघड नकार: “त्यात काय, मीही असाच होतो.” माझ्या बाबांच्या स्कूटरची किल्ली सुतळीने शर्टाच्या बटणाला बांधलेली असते. वीजबिल दंड लागल्याशिवाय भरलं जात नाही. तरी ते उत्तम गणित शिकवतात. त्यांच्या दृष्टीने मला आजार आहे म्हणणं म्हणजे त्यांनाही आजार आहे म्हणणं. इथे ‘मग तुम्हालाही आहे’ असं चुकूनही बोलू नका. मी विचारलं होतं, “बाबा, तुम्ही बारावीत असताना कसं निभावलंत?” ते अर्धा तास बोलत होते. दोनदा नापास झाल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पैशाचं कारण तर कुणीच उघड सांगत नाही. ते ओळखून सरकारी दवाखान्याचा पर्याय आपणच पुढे ठेवायचा. त्याबद्दल खाली आहेच.

बोलायचं कसं

दोघांपैकी ज्यांचा पारा उशिरा चढतो त्यांच्याशी आधी बोला. निकालाच्या दिवशी नको, भांडणानंतर नको, पाहुणे असताना तर नकोच. समोरासमोर बसून ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ म्हटलं की घरात न्यायालय भरतं. हाताला काम असताना बोलणं सोपं जातं. आईशी मी मेथी निवडताना बोलले, बाबांशी गाडीवर मागे बसून. गाडीवर एक सोय असते, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही.

वाक्यं आधी ठरवून ठेवा. माझी अशी होती: “आई, मी अभ्यास टाळते असं तुला वाटतं ना? मलाही तसंच वाटायचं. म्हणून तीन आठवडे लिहून काढलंय, तू वाच. मला काही आहे की नाही ते मला माहीत नाही. लहानपणी फळ्यावरचं दिसत नव्हतं तेव्हा तू नंबर काढायला नेलं होतंस, तसं एकदा दाखवून येऊया.” यात एडीएचडी हा शब्द नाही. मागणीही एकच आहे, एकदा दाखवून येण्याची. औषध, शाळेतल्या सवलती, मोबाईल परत मिळणं, यातलं काहीही त्याला जोडू नका.

बोलताना रडू येत असेल किंवा निम्मं विसरायला होत असेल (आपल्याला होणारच) तर अर्ध्या पानाचं पत्र लिहून वहीत ठेवून द्या. उत्तर त्याच रात्री मागू नका. “रविवारी परत बोलूया का?” एवढं विचारा आणि रविवारी खरंच बोला. तो रविवार विसरला जाऊ नये म्हणून मी हाताच्या तळव्यावर लिहून ठेवलं होतं.

मधला माणूस

दोनदा बोलूनही गाडी हलली नाही तर तिसऱ्यांदा आपण बोलू नये, दुसऱ्याने बोलावं. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरांइतकं वजन कुणाच्याच शब्दाला नसतं. सर्दी-खोकल्यासाठी गेलात की वही सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी ती चाळली आणि बाबांना म्हणाले, “सर, आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघू. नॉर्मल आलं तर एकदा तज्ज्ञांना दाखवा.” रक्ताचा रिपोर्ट ही बाबांना पटणारी भाषा होती. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मग त्यांनाच चैन पडेना.

वर्गशिक्षकांना किंवा शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना चार ओळी लिहून द्यायला सांगता येतात: वर्गात काय दिसतं, किती दिवसांपासून. डॉक्टरांनाही शाळेची बाजू लागतेच. नातेवाइकांमधला माणूस मात्र पारखून निवडा. ज्या मामाला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला कळतं, तो कितीही प्रेमळ असला तरी नको.

आणि 14416 लक्षात ठेवा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोनवर एडीएचडीचं निदान होणार नाही, पण जवळ कुठे जायचं आणि घरी कसं बोलायचं हे विचारता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आई-बाबांनीही तिथे स्वतः फोन करून शंका विचारल्या तर उत्तमच.

कुणाकडे जायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, म्हणजे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. लहान मुलांचा अनुभव असलेले मिळाले तर बरं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि अहवाल देतात, औषध लिहीत नाहीत. समुपदेशकांशी बोलून मोकळं वाटतं, पण निदान त्यांचं काम नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे आणि डोळे बांधून वाचायला शिकवणारे क्लास यांच्यावर एक रुपयाही घालवू नका. नेमक्या अशाच ठिकाणी पालक चटकन पैसे भरतात, कारण तिथे ‘मानसोपचार’ हा शब्द नसतो.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसोपचार विभाग चालतो, केस पेपर काढला की दाखवता येतं. पुण्याचं ससून, मुंबईतली केईएम, नायर आणि सायन अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग असतो, पण त्या फाटकातून आत जायला पालक तयार होणं कठीण, म्हणून मी ते शेवटी ठेवते. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, बेळगाव-निपाणीकडच्यांना धारवाडची डिमहान्स ही तशीच संस्था जवळ पडते. तुम्ही सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एडीएचडीही आहे, तेव्हा त्या दिवशी गप्प बसू नका.

पालकांना डॉक्टरांआधी थोडी ओळख व्हावी असं वाटत असेल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे मराठी व्हिडिओ त्यांना दाखवा. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी मराठीत, घरच्यासारखं बोलतात. माझ्या आईवर माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

तपासणीच्या खोलीत

एडीएचडी रक्तात किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात, लहानपणापासूनचा इतिहास घेतात, पालकांना आणि शिक्षकांना प्रश्नावल्या भरायला देतात. एका भेटीत निकाल लागेलच असं नाही. वही आणि प्रगतीपुस्तकं टेबलावर ठेवा. त्रास वाढवून सांगू नका आणि नवीन माणसासमोर शहाण्यासारखं बसायचा जो जोर आपण लावतो, तोही लावू नका. “मला दहा मिनिटं एकटीला बोलायचंय” असं म्हणता येतं. घरचं दडपण, झोप, नको ते विचार, व्यसन, जे आईसमोर निघत नाही ते तेव्हा सांगा.

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. “दहावीला 84 टक्के आहेत ना? मग कसला एडीएचडी?” चार मिनिटांत बाहेर. परतीच्या एसटीत मला वाटलं, आता संपलं. पण त्यानंतर बाबाच म्हणाले की वही न वाचता पेपर तपासणाऱ्याला आपण मास्तर म्हणत नाही. दुसरं मत घेता येतं, ते घ्या. मार्क चांगले असणं हा एडीएचडी नसल्याचा पुरावा नाही, त्या मार्कांसाठी किती रात्री गेल्या ते विचारायला हवं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे बाबांनी पालकांची प्रश्नावली भरली. मध्येच पेन थांबवून त्यांनी विचारलं, “हे मुलीबद्दल भरायचंय ना?” डॉक्टर हो म्हणाले. बाबांनी पुढे भरलं. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

निदान झालं तर त्याच भेटीत तीन गोष्टी विचारा: औषध लागेल का आणि नाही घेतलं तर काय, औषधाशिवाय काय करायचं, आणि वाचन-लेखनाची चाचणी करायला हवी का. तिसरा प्रश्न परीक्षेसाठी. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही एकत्र असण्याचं प्रमाण बरंच असतं. बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर ठरावीक रुग्णालयांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात महिने जातात. नववीतच सुरुवात करा, दहावीचा फॉर्म भरताना नव्हे.

तरीही ‘नाही’च असेल तर

निदानाच्या कागदाशिवायही बरंच करता येतं. वर्गशिक्षकांना पहिल्या बाकावर बसवायची विनंती. मोठ्या पेपरचे तीन तुकडे करून प्रत्येकाला घड्याळ लावणं. एकटं न बसता कुणाच्या तरी सोबत अभ्यास, भले आई आपल्या शेजारी नुसती मेथी निवडत का असेना. किल्ली, पास आणि चष्म्यासाठी एकच खुंटी. मित्राच्या गोळ्या मात्र एकदाही नको. मेथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतलं औषध आहे, आणि हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब कुणाला आहे ते आधी तपासावं लागतं.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर वही, रविवार, मधला माणूस यातल्या कशाचीही वाट बघू नका. त्याच दिवशी 14416 किंवा 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला फोन करा, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. जिवाला लगेच धोका असेल तर 112.

आणि 18 पूर्ण झाल्यावर आधार कार्ड घेऊन तुम्ही स्वतः केस पेपर काढू शकता. तेव्हाही डॉक्टर लहानपणाबद्दलच विचारतील, म्हणून ट्रंकेतली प्रगतीपुस्तकं आजच काढून आपल्या कपाटात ठेवा. घराची साफसफाई निघाली की पहिली तीच रद्दीत जातात.